सूचना : पुरवठादारांकडून येणाऱ्या भेटवस्तूंबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार.

मागच्या खेपेला आलेल्या पेनांची शाई दोन पानांतच आटली, बाटल्यांवरचा लोगो तिसऱ्या धुण्याला गेला. फुकटच्या वस्तूला नावं ठेवू नयेत हे खरं. पण त्या आपल्या हातून सभासदांना जातात, म्हणून यापुढे वाटपाआधी एक नमुना मागवून तपासला जाईल.

पॉवर बँकेकडे विशेष लक्ष द्या. १०,००० एमएएच (वीज साठवण्याची क्षमता) हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो. फोनला ५ व्होल्टने वीज देताना साधारण ६,००० ते ६,५०० एवढीच हाती लागते, त्यामुळे तेवढ्यावरून तक्रार करू नका. मात्र क्षमता छापलेलीच नसेल, चार्ज होताना ती फार तापत असेल किंवा फुगली असेल, तर वापर लगेच थांबवा. ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

पेन ड्राइव्ह शक्यतो स्वीकारूच नका. ६४ जीबी दाखवणाऱ्या काहींत प्रत्यक्षात ८ जीबीच असतात, आणि त्यापुढे भरलेली फाइल गुपचूप खराब होते. शिवाय आत काय भरून आलंय, कोण जाणे.

स्टीलची बाटली असेल तर ३०४ प्रतीचं स्टील आहे का, एवढं विचारा. २०१ प्रतीत निकेल कमी असतं आणि ते लवकर गंजतं. टी-शर्ट १८० जीएसएमच्या (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासचा असावा.

डायऱ्या चालतील. त्या तशाही कोऱ्याच राहतात.

खराब निघालेल्या वस्तूचा फोटो पुरवठादाराच्या नावासह फक्त कार्यकारिणीला पाठवा, इथे गटात टाकू नका.

– सचिव