स्विचला विचारायला शिकवल्याबद्दल

आदरणीय साहेब,
सा. न. वि. वि.

महाल भागातील आमच्या अभ्यासिकेच्या वतीने हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. आपले नाव येऊ नये ही आपली अट पाळली आहे.

अभ्यासिकेच्या रॅकमधला चोवीस पोर्टांचा (केबल जोडायच्या खाचांचा) मॅनेज्ड स्विच, म्हणजे संगणकांना एका जाळ्यात जोडणारे आणि आतली माहिती दाखवणारे यंत्र, आमच्या दृष्टीने केबल खोचण्याची एक पेटी होती. काही संगणकांवर इंटरनेट चालते आणि काहींवर चालत नाही, अशी तक्रार घेऊन आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा आपण सर्वांत आधी कोणालाही केबल उपसू दिली नाहीत. अडलेल्या संगणकाला मिळालेला आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) आमच्या राउटरने दिलेला नव्हता. अर्थात पत्ते वाटणारे दुसरेच कोणी जाळ्यात शिरले होते. त्या संगणकावर दिसणाऱ्या गेटवेचा (जाळ्याबाहेर जाण्याच्या दाराचा) मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, आपण एआरपी तक्त्यातून (आयपी आणि मॅक पत्त्यांच्या जोड्यांच्या यादीतून) काढलात, तोच पत्ता स्विचच्या तक्त्यात शोधायला आम्हाला सांगितलेत, आणि समोर पोर्ट क्रमांक १७ आला. त्या पोर्टची केबल वृत्तपत्र-कक्षात जाते. तेथे टेबलाखाली कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून जोडला होता.

राउटर काढून आपण निघून गेला असता, तरी आमचे काम झालेच असते. पण आपण थांबलात आणि तो तक्ता तयार कसा होतो हे समजावलेत. आत येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर (माहितीच्या गठ्ठ्यावर) पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. ती फ्रेम ज्या पोर्टवरून आली, तो पोर्ट स्विच त्या पत्त्यासमोर नोंदवतो. ज्याला पाठवायचे त्याची नोंद नसेल, तर फ्रेम त्याच व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर वेगळ्या ठेवलेल्या जाळ्याच्या) बाकी सर्व पोर्टांवर सोडतो. आणि एखादे यंत्र साधारणपणे ३०० सेकंद गप्प राहिले, की त्याची नोंद पुसली जाते. म्हणून शोध घ्यायचा तो यंत्र बोलत असतानाच. साधा, स्वस्त स्विचही हाच तक्ता ठेवतो, फक्त तो कोणाला दाखवत नाही, हे आपले वाक्य आम्ही नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. जास्तीची किंमत कशासाठी मोजली, हे आमच्या विश्वस्तांनाही त्यातूनच उमगले. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून आपण डीएचसीपी स्नूपिंग सुरू करून दिलेत. आता पत्ते वाटण्याची मुभा फक्त आमच्या राउटरच्या पोर्टला आहे.

विद्यार्थी, कार्यालयाचा हिशेब आणि कॅमेरे यांचे व्हीलॅन वेगळे करण्याचे काम त्या मानाने लवकर उरकले. फ्रेममध्ये घातल्या जाणाऱ्या चार बाइटांच्या खुणेत व्हीलॅन क्रमांकासाठी १२ बिट असतात आणि त्यांतून होणाऱ्या ४०९६ आकड्यांपैकी पहिला व शेवटचा राखीव असल्याने ४०९४ क्रमांक वापरता येतात. आम्हाला तीन पुरले.

लूपचा, म्हणजे फ्रेम जाळ्यात गोल फिरत राहण्याचा, धडा आपण रविवारी, जाळ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या एका जुन्या स्विचवर दिलात. लूप रोखणारी स्पॅनिंग ट्री ही सोय बंद करून एकाच केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये जोडताच सगळे दिवे एकदम लुकलुकू लागले. इथरनेट फ्रेमला आयुर्मर्यादा नसल्याने ती आपण होऊन कधी संपत नाही, आणि यावरचा अल्गोरिदम १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या बाईंनी रचला, हे आपण स्पर्धा परीक्षांच्या मुलींना आवर्जून सांगितलेत. त्यांतल्या दोघी आता आमच्यापेक्षा सराईतपणे कन्सोल केबल (स्विचला थेट आज्ञा देण्याची केबल) जोडतात.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे रॅक पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून आणि कूलरच्या दमट झोतापासूनही दूर हलवण्याचा आपला आग्रह योग्यच होता. एका मुद्द्यावर मात्र आपले-आमचे अजून जुळलेले नाही: आज्ञा टंकित करूनच काम करावे असे आपले मत, आणि रोजच्या पाहणीला ब्राउझरमधले पान बरे असे आमचे. तरीही बदल केल्यावर स्विचमधली मांडणी (कॉन्फिगरेशन) जतन करायची, नाहीतर वीज जाऊन आली की केलेले सगळे पुसले जाते, हा नियम दोन्हीकडे पाळला जातो. पोर्टनिहाय नोंदवही आणि मांडणीची प्रत कार्यालयाच्या कपाटात आहे.

वरच्या मजल्यावर नवे कॅमेरे बसवायचे आहेत. पीओईच्या (जाळ्याच्या केबलमधूनच वीज देण्याच्या) मूळ मानकाप्रमाणे एक पोर्ट कमाल १५.४ वॅट देतो. म्हणजे चोवीसही पोर्टांची मागणी ३७० वॅटच्या घरात जाईल, आणि आमच्या स्विचची एकूण मर्यादा १९५ वॅट आहे. कोणत्या पोर्टाला वीज आधी मिळावी, याचा क्रम या वेळी आम्हीच लावला आहे. तो कागद सोबत जोडला आहे. सवडीने नजरेखालून घालावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
व्यवस्थापक, अभ्यासिका, महाल, नागपूर