ताई, त्या वहीसाठी थँक्यू

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर लगेच फोन करून झापाल, "मी एकटीने काय केलं गं, संघटनेने केलं." तरी पत्र तुम्हालाच आहे आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय. झालं असं की परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी टाकलं, आपण प्रॉपर्टी टॅक्स भरतोच ना, मग कचरा घ्यायला येणाऱ्या बाईला दर महिन्याला वेगळे पैसे कशाला, आणि यांच्या पोरांना स्कॉलरशिप, यांना विमा, सगळं आपल्या खिशातून फुकट. खाली धडाधड अंगठे. त्या ग्रुपवर कुणालाच माहीत नाही की मी कचरावेचक बाईची मुलगी आहे, म्हणजे लपवलंय असं नाही, विषयच निघाला नाही कधी. भांडण्यापेक्षा म्हटलं आधी तुम्हाला थँक्यू म्हणावं, ते राहिलंच होतं.

आमची आजी १९७२च्या दुष्काळात मराठवाडा सोडून पुण्यात आली, तिच्याबरोबरच्या कितीतरी बाया याच कामाला लागल्या, पुढे आई पण. आई अंधारातच निघायची कारण उजाडेपर्यंत दुसरीने कचऱ्याचा कंटेनर उपसलेला असायचा. हातात लोखंडी आकडा, पाठीवर पोतं, आणि कुत्री मागे. आजूबाजूला कुठे चोरी झाली की आधी यांनाच चौकीत बसवायचे, पोतं रिकामं करून दाखव म्हणायचे. आई सांगते की पोतं उलटं केलं की मग सगळा माल परत निवडायचा, दिवस गेला.

१९९३ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे कचरावेचकांची तुमची संघटना, झाली, बाबा आढाव अध्यक्ष, हमालांची संघटना बांधायचा त्यांचा केवढा अनुभव. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड मनपाने ओळखपत्राला मान्यता दिली. आईचं ते कार्ड अजून कपाटात साडीच्या घडीत आहे. पोलिसाने हटकलं की ब्लाऊजमधून कार्ड काढून समोर धरायचं, बस. लोकांना वाटतं कार्डात काय एवढं, पण शहरात वीस-वीस वर्षं राबलेल्या बाईकडे ती काय काम करते हे सांगणारा एक कागद नव्हता हो.

मला मात्र तुमची वही आठवते. मी शाळेत होते, तुम्ही दुपारी आमच्या बायांबरोबर फुटपाथवर माल निवडायला बसायचात आणि विचारायचात, आज पुठ्ठा किती भरला, कडक प्लास्टिक किती, काच किती, भंगारवाल्याने काय भाव दिला, आणि सगळं रकाने पाडून लिहायचात. आई वैतागायची, "ह्या बाईला काम न्हाई का दुसरं, आमच्या पोत्याचं वजन घेऊन काय लोणचं घालनार." पण तुम्ही लोकांनी शहरभर अशीच माहिती गोळा केली, २००१मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी अभ्यास झाला, आणि त्यातून दिसलं की या बाया जेवढा माल उचलतात तेवढा मनपाला उचलावा, वाहावा, टाकावा लागत नाही, म्हणजे बाया मनपाचे पैसे वाचवतायत. वर आणि फुकटात. हा हिशोब टेबलावर ठेवून तुम्ही विमा मागितलात, दया म्हणून नाही मागितलात. २००२-०३ला पुणे मनपाने कचरावेचकांचा आरोग्य विमा भरायला सुरुवात केली. मी आज अकाउंट्समध्ये आहे, आकडे नीट मांडले की समोरचा कसा गप्प होतो ते मी रोज बघते, पहिल्यांदा मात्र तुमच्या वहीत बघितलं.

मग खरी पंचाईत आली ती २००० च्या घनकचऱ्याच्या नियमांनी. नियम चांगलाच, घरोघरी जाऊन कचरा घ्या, वेगळा करा, रस्त्यावरच्या कुंड्या हटवा. पण कुंडी गेली की आईचं पोट गेलं, आणि घरोघरचं काम गाड्यावाल्या कंत्राटदाराला, हे तर ठरल्यासारखंच होतं. तुमची संघटना म्हणाली घरोघरी जायचंच आहे तर आम्हीच जातो, कचरा आम्हाला कळतो. त्यातून बायांच्या मालकीची 'स्वच्छ' सहकारी संस्था आणि २००८ला मनपाबरोबर करार. आई पोतं टाकून ढकलगाडी घेऊन जिने चढायला लागली, आणि पहिल्यांदा तिला कुणी वेळ विचारली, उद्या किती वाजता येणार मावशी म्हणून.

तर काका (वाचत असाल तर), ते महिन्याचे पैसे म्हणजे त्या बाईची मजुरी आहे, मनपा तिला पगार देत नाही. तुमचे पैसे आणि सुका माल विकून जे येईल ते, यावर तिचं घर चालतं. केंद्राच्या २०१६च्या नियमांतच लिहिलं होतं की कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्या आणि कचऱ्याचं शुल्क द्या.

आणि स्कॉलरशिप. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठीची ती मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, आधी त्यात कचरावेचकांची पोरं नव्हतीच, संघटनेने भांडून घातली. तिला जातीचा दाखला लागायचा नाही, पालक हे काम करतात एवढा दाखला पुरायचा, आणि गाव सोडून आलेल्यांकडे कुठले जुने कागद असणार. पैसे फार नव्हते, वह्या, दप्तर, गणवेश निघायचा. फॉर्म मात्र तुम्ही कधी भरून दिला नाहीत, याचा आईला तेव्हा राग यायचा. "शिकलेली बाई बसलीय बाजूला आणि मला पाठवतीय हापिसात." तुम्ही बाहेर व्हरांड्यात थांबायचात आणि ती आत जायची. पुढे आई गल्लीतल्या बायांना घेऊन स्वतःच जायला लागली, साहेब जेवायला गेलेत म्हटलं तर तिथेच बसकण मारायची.

सगळं गोड झालंय असं नाही, तुम्हाला माहितीच आहे. सॅनिटरी पॅड अजून लोक तसेच उघडे टाकतात, करार संपायला आला की पुन्हा कंत्राटदाराची कुजबुज, आणि गुडघे गेल्यावर पेन्शन काही नाही. आई आता जिने चढत नाही, शेडवर माल निवडते फक्त.

बरं, एक काम आहे. धाकट्या मावशीच्या मुलीचा शिष्यवृत्तीसाठीचा या वर्षीचा दाखला अडकलाय, ऑनलाइन फॉर्ममध्ये काहीतरी कागद कमी पडतोय म्हणे. तुम्ही येऊ नका, वॉर्ड ऑफिसला मी आणि मावशी जातो सोमवारी. फक्त कुठल्या टेबलावर विचारायचं तेवढं मेसेज करा. आणि आई म्हणतेय भाकरी खायला कधी येणार ते पण कळवा.

तुमची,
कागद-काचवालीची थोरली