विषय: लाइन गेली की सेटिंग विसरणारे तुमचे स्विच, आणि "वहाँ कोई सर हैं क्या?"

नागपूर, १२ मार्च

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या तंत्रनिकेतनाने तुमचे २४ पोर्टांचे तीन मॅनेज्ड स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी, सेटिंग बदलता येणारी यंत्रं) घेतले. मॉडेल आणि अनुक्रमांक मी तुमच्याकडे चार वेळा नोंदवले आहेत, पाचव्यांदा लिहीत नाही. कॉन्फिगरेशन, म्हणजे आम्ही केलेली सेटिंग, सेव्ह केलेलं असतानाही वीज जाऊन आली की यातले दोन स्विच फॅक्टरी डिफॉल्टवर येतात, म्हणजे कारखान्यातून निघाले तसे कोरे होतात. तक्रार एवढीच आहे. ती तुमच्या माणसांना समजावण्यात डिसेंबर ते मार्च गेला.

रनिंग-कॉन्फिग, म्हणजे चालू सेटिंग, वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये असतं आणि जतन केलेलं स्टार्टअप-कॉन्फिग वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅशमध्ये, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मात्र ते सांगावं लागतं, आणि मी ते पहिल्याच आठवड्यात सांगते. काम झालं की 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' द्या, नाहीतर लाइन गेली की सगळं गेलं. नागपूरच्या मुलांना लाइन जाणं समजावून सांगावं लागत नाही, म्हणून हा धडा लवकर डोक्यात बसतो. तुमच्या स्विचने नेमका हाच धडा खोटा पाडला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उमरेडहून एसटीने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने व्हीलॅन १०, २० आणि ३० (एकाच स्विचवरची एकमेकांपासून वेगळी नेटवर्क) तयार केले, पोर्ट वाटून दिले, दुसऱ्या स्विचकडे ८०२.१क्यू ट्रंक (सगळे व्हीलॅन एकाच केबलवरून नेणारी जोडणी) लावला आणि सगळं सेव्ह केलं. मधे दहा मिनिटं लाइन गेली. परत आली तेव्हा चोवीसही पोर्ट व्हीलॅन १ मध्ये, म्हणजे कोऱ्या स्विचच्या मूळ नेटवर्कमध्ये होते. मी तिला म्हणाले, "सेव्ह करायला विसरलीस." ती म्हणाली, "केलं होतं, मॅडम." मी तिचं ऐकलं नाही आणि जर्नलमध्ये दोन गुण कापले. सतरा वर्षं शिकवते आहे, आणि "केलं होतं" हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते बहाणाच वाटलं. ती मुलगी खरं बोलत होती. ते दोन गुण मी जानेवारीत परत दिले, तिची वर्गासमोर माफीही मागितली. पण त्यानंतर ती प्रत्येक कमांड तीन-तीनदा देते आणि तरी माझ्याकडे वळून बघते. हे तुमच्या वॉरंटीत कुठे बसतं, ते मला सांगा.

त्यानंतर मी स्वतः बसून चाचण्या घेतल्या. प्रत्येक स्विच दहा वेळा सेव्ह केला, स्टार्टअप-कॉन्फिग उघडून सगळं लिहिलं गेल्याची खात्री केली, पाच मिनिटं थांबले, मग वीज बंद करून चालू केली. पहिल्या स्विचने दहापैकी सात वेळा सेटिंग टाकून दिली, दुसऱ्याने चार वेळा, तिसऱ्याने एकदाही नाही. वीज न तोडता कमांडने रीलोड केलं तर मात्र तिन्ही नीट उठतात. कन्सोलवर (स्विचला थेट जोडलेल्या पडद्यावर) बूट होतानाचा, म्हणजे स्विच सुरू होतानाचा मजकूर मी जपून ठेवला आहे. त्यात कॉन्फिगरेशन फाइलची चेकसम (फाइल शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) चूक आल्याने डिफॉल्ट लोड करत असल्याची ओळ स्पष्ट दिसते. तिसऱ्या स्विचचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, जुनं आहे. पहिल्या दोघांवर ऑक्टोबरमध्ये नवीन चढवलं, तेही तुमच्याच संदेशात "अत्यावश्यक" लिहिलं होतं म्हणून. जुनं फर्मवेअर तुमच्या संकेतस्थळावरून काढून टाकलेलं आहे, म्हणजे मागे जायची वाटही बंद. तुमच्या अभियंत्याने हा मजकूर दहा मिनिटं वाचला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. मी तो तीनदा पाठवला. उत्तरात तिन्ही वेळा स्विच कसा बसवायचा याची पुस्तिका आली.

आणि हे फक्त प्रयोगशाळेत राहिलं असं समजू नका. इंटरनेटसाठी आमच्या लॅबमधून एक केबल कार्यालयाच्या नेटवर्ककडे जाते. ती व्हीलॅन १ मध्ये असते आणि मुलांचा सराव बाकीच्या व्हीलॅनमध्ये चालतो, वेगळा ठेवलेला. जानेवारीत दोन मुलांनी लिनक्सवर डीएचसीपी सर्व्हर (संगणकांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा) उभा केला होता. त्यांचं काम अगदी बरोबर होतं. सकाळी लाइन गेली, आली, स्विच कोरा होऊन उठला आणि मुलांचा सर्व्हर थेट कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये जाऊन बसला. फी खिडकीवरच्या संगणकाने पत्ता मागितला, त्याला आमच्या सर्व्हरकडून १९२.१६८.२० मधला पत्ता मिळाला आणि गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचा दरवाजा, असा मिळाला की जो तिथे अस्तित्वातच नव्हता. ऑनलाइन फी बंद पडली. रांग जिन्यापर्यंत गेली, त्यात गावाकडून आलेले पालक होते. अधीक्षक म्हणाले की लॅबच्या पोट्ट्यांनी सिस्टिम हॅक केली. त्या दोघांना प्राचार्यांसमोर उभं राहावं लागलं. मी कन्सोलचा मजकूर छापून नेला आणि दोष यंत्राचा आहे हे दाखवलं, तेव्हा त्यांची सुटका झाली. नेटवर्कचं शिक्षण घेणाऱ्या मुलावर हॅकिंगचा आरोप म्हणजे काय, हे तुमच्या धंद्यातल्या लोकांना तरी कळायला हवं.

तुमच्याकडून आलेली कारणंही नोंदवून ठेवते. डिसेंबरमध्ये सांगितलं की अधिवेशनामुळे रस्ते बंद आहेत, इंजिनिअर येऊ शकत नाही. अधिवेशन संपलं, इंजिनिअर फेब्रुवारी संपेपर्यंत आला नाही. मग सांगितलं की नागपूरला गरमी जास्त असते, स्विच तापत असेल. बिघाड डिसेंबरात सुरू झाला, तेव्हा इथे लोक स्वेटर घालून फिरतात. तुमच्याच माहितीपत्रकात हा स्विच ४५ अंशांपर्यंत चालतो असं छापलं आहे. मग सांगितलं, "यूपीएस लावा, म्हणजे स्विच बंदच होणार नाही." यूपीएस आहे, पण त्यावर सर्व्हर आहेत. आणि ज्या यंत्राला बंद होऊन चालू होता येत नाही, ते बिघडलेलं यंत्र आहे.

आता परवाचा, म्हणजे मंगळवारचा फोन. तो सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात आणि तुम्ही तो ऐकावा अशी माझी मागणी आहे.

एकोणीस मिनिटं ताटकळल्यावर तुमच्या प्रतिनिधीने फोन घेतला. मी मराठीत सुरुवात केली, त्याने हिंदी मागितली, मी हिंदीत बोलले. दोष काय आहे ते सांगितलं. तो म्हणाला, स्विच बंद करून चालू करा. मी म्हटलं, बंद करून चालू केल्यावरच सेटिंग जाते, तक्रार तीच आहे. तो म्हणाला, एकदा करून तर बघा. मी सांगितलं की तीस वेळा केलं आहे, कन्सोलला ९६०० बॉडच्या वेगावर जोडून बूटचा मजकूर घेतला आहे, त्यात चेकसमची चूक दिसते, तुम्ही हे फर्मवेअरच्या टीमकडे पाठवा. तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, वहाँ कोई सर हैं क्या? किसी टेक्निकल बंदे को फोन दीजिए."

फोन स्पीकरवर होता, कारण मी एका हाताने केबल तपासत होते. लॅबमध्ये बावीस विद्यार्थी होते, त्यातल्या नऊ मुली.

मी म्हटलं, या लॅबची प्रमुख मीच आहे. तो पुन्हा म्हणाला, "हाँ मॅडम, लेकिन कोई सर होंगे ना?" शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाला राहवलं नाही, त्याने फोन घेतला. एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला तुमच्या माणसाने पहिल्या वाक्यापासून "सर" म्हटलं आणि विचारलं, प्रॉब्लेम काय आहे. मुलगा म्हणाला, "मी विद्यार्थी आहे, मॅडमकडेच शिकतो, त्यांनी सांगितलं तेच आहे." त्यावर उत्तर आलं, "ठीक है सर, आप एक बार स्विच बंद करके चालू कीजिए."

दहा मिनिटांनी मोबाइलवर संदेश आला की ग्राहकाचं समाधान झाल्याने तक्रार बंद केली आहे, कृपया किती तारे देणार ते कळवा. कुणाचं समाधान झालं? कुणी विचारलं? त्या नऊ मुलींपैकी दोघींना सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये नोकरी करायची आहे. त्यांनी त्या दिवशी तुमच्या कंपनीकडून जे ऐकलं, ते पुसून टाकायला मला किती तास लागतील ते मला माहीत नाही.

आता मला काय हवं आहे ते लिहिते. दोन्ही स्विच बदलून द्या, किंवा जुनं फर्मवेअर अधिकृतपणे द्या आणि लेखी कळवा की नव्या फर्मवेअरमध्ये दोष आहे. इतर महाविद्यालयांनीही हेच मॉडेल घेतलं असेल, तिथेही कुणीतरी खरं बोलणाऱ्या मुलाचे गुण कापत असेल, म्हणून लेखी हवं. "समाधान झालं" म्हणून बंद केलेल्या चारही तक्रारी पुन्हा उघडा. मंगळवारचा कॉल ऐका आणि लॅबमधल्या मुलींना उद्देशून माफीचं पत्र पाठवा. मला नको, त्यांना पाठवा.

एप्रिलमध्ये तंत्र शिक्षण मंडळाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाह्य परीक्षक समोर बसलेले असताना लाइन गेली आणि मुलाचं काम पुसलं गेलं, तर मी त्या मुलाला काय सांगू? म्हणून मुदत २५ मार्च. त्यानंतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नागपूरच्या जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागता येते, त्यामुळे तुमचं मुख्य कार्यालय लांब आहे ही सबब चालणार नाही. प्राचार्यांची लेखी परवानगी माझ्याकडे आहे.

तुमचे स्विच घ्या असा आग्रह खरेदी समितीत मीच धरला होता. कमांड नीट असतात, पुस्तिका चांगली असते, मुलांना शिकायला सोपे जातात, असं मी लिहून दिलं होतं. समितीतले दोन सहकारी दुसऱ्या कंपनीच्या बाजूने होते. माझी मुलं पुढे बुटीबोरीच्या कारखान्यांत, मिहानमधल्या कंपन्यांत नेटवर्क सांभाळायला जातात आणि दोन-तीन वर्षांत खरेदीच्या वेळी त्यांना विचारलं जातं की कोणता स्विच घ्यावा. ते त्यांच्या लॅबमधला अनुभवच सांगतील. मी त्यांना तुमच्याविरुद्ध काहीही शिकवणार नाही. त्यांनी सगळं स्वतः पाहिलं आहे.

बूटचा मजकूर, तीस चाचण्यांची नोंद आणि चारही तक्रारींचे क्रमांक सोबत जोडले आहेत. आणि पुन्हा सांगते, स्विच बंद करून चालू करा असं सांगायला मला फोन करू नका.

अधिव्याख्याता आणि प्रयोगशाळा प्रमुख,
संगणक तंत्रज्ञान विभाग,
नागपूर

ता. क. हे पत्र आज दुपारी छापायला दिलं तेवढ्यात लॅबची लाइन सात मिनिटं गेली. दोन नंबरचा स्विच पुन्हा कोरा आहे. वेळ २ वाजून ४० मिनिटं. तीस चाचण्यांच्या नोंदीखाली हा एकतिसावा प्रसंग पेनाने लिहिला आहे.