सुरुवात तिसऱ्या परिच्छेदात सापडली

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

‘गृहपाठ बंद करावा का?’ हा तुझा निबंध मिळाला. दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसतं कौतुक केलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. आता लिहितोय ते पेन्सिलवाल्या बाबांचं आहे, तेव्हा रुसू नकोस.

तुझं पहिलं वाक्य, ‘आजचे युग हे विज्ञानाचे व स्पर्धेचे युग आहे.’ अगं, मी शाळेत होतो तेव्हाही हेच युग चालू होतं! माझी तर आठ ओळींची अख्खी प्रस्तावनाच पाठ होती. मानवी जीवन, काळाचं चक्र, सगळं होतं तिच्यात. नदीवरच्या निबंधाला चालायची, वर्तमानपत्रावरच्याही. एका चाचणीत सरांनी तिच्याशेजारी लाल शाईनं दोनच शब्द लिहिले, ‘विषय कोणता?’ मला भयंकर राग आला होता. उत्तर मात्र देता आलं नाही.

साधारण 2300 वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलनं भाषणकलेबद्दल लिहिताना एक फार व्यवहारी गोष्ट सांगून ठेवली आहे. भाषणाच्या आरंभीच ‘लक्ष द्या’ म्हणणं हास्यास्पद, कारण तेव्हा सगळे लक्ष देऊनच बसलेले असतात. ते ढळतं नंतर. वाचकाचंही तसंच. पहिल्या दोन-तीन ओळींपुरतं त्याचं लक्ष तुला फुकट मिळालेलं असतं. ते तू युगावर उधळलंस. अ‍ॅरिस्टॉटलचंच आणखी एक म्हणणं असं की, विषय स्पष्ट किंवा छोटा असेल तर प्रस्तावनेची गरजच नाही. गृहपाठ म्हणजे काय हे कोणाला समजावायचं आहे? तुझं दुसरं वाक्य, त्याची व्याख्या, मी सरळ खोडलं.

आता तिसरा परिच्छेद उघड. तिथे मध्येच, जाता जाता, तू लिहिलं आहेस: ‘गृहपाठ तपासताना मुलाला नाही, त्याच्या घराला गुण मिळतात.’ मी पेन्सिल खाली ठेवली. हे तुझं मत! ज्याच्या घरी समजावून सांगणारं कोणी आहे त्याची वही भरते, ज्याच्या घरी नाही त्याची कोरी राहते. हे तुला लिहिता लिहिता सुचलं असणार. असंच होतं. आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते अर्धा निबंध लिहून झाल्यावर कळतं, आणि सुरुवात मात्र काही कळायच्या आधीची, तशीच राहून जाते. म्हणून सुरुवात शेवटी लिही, किंवा लिहिलेली पुसायची तयारी ठेव. ते वाक्य उचलून पहिल्या परिच्छेदाच्या टोकाला आण. ‘या निबंधात मी गृहपाठाविषयी मत मांडणार आहे’ असं मात्र नको. मांडणार आहेस तर मांडून टाक.

त्या वाक्याआधी काय? एखादा छोटा प्रसंग चालेल, दोन ओळींचा, पण तो त्या वाक्यापाशीच पोचला पाहिजे. सुविचार नको. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे प्रश्नही नकोत. मत तुझं विचारलं आहे.

शेवटाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे तू घाबरलीस. पूर्ण निबंधभर गृहपाठाविरुद्ध बोललीस आणि शेवटी? ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. योग्य वापर करणे आपल्या हातात आहे.’ म्हणजे भांडण जिंकत आलं असताना माफी मागून घरी आलीस! दुसरी बाजू आहेच. सरावाशिवाय गणित पक्कं होत नाही, हे खरंच आहे. पण तिला मधल्या एका परिच्छेदात बसव आणि तिथेच उत्तर दे. शेवटच्या ओळीत ती आली की वाचकाला वाटतं, हिचं काही ठरलंच नव्हतं.

‘थोडक्यात सांगायचे तर’ म्हणून मुद्दे परत मोजणंही नको. दोन पानांत वाचक काही विसरत नाही. (लांबलचक भाषणात उजळणी ठीक आहे.) त्यापेक्षा स्वतःला विचार: माझं म्हणणं खरं मानलं, तर मग काय? गृहपाठ घर मोजत असेल, तर सराव घराच्या भरवशावर सोडता येणार नाही. तो वर्गातच, तासाच्या शेवटी, शिक्षकांसमोर व्हायला हवा. हा झाला तुझा शेवट. त्यात नवा पुरावा नाही, पण आधीच्या सगळ्याचा परिणाम आहे. पहिल्याच परिच्छेदात हे वाक्य टाकलं असतंस तर कोणाला पटलं नसतं. आता पटेल.

एक करून बघ. पहिला आणि शेवटचा परिच्छेद कागदावर शेजारी ठेवून वाच. दोन्ही तेच सांगत असतील तर मधला निबंध कशाला लिहिला? आणि एकमेकांना ओळखही देत नसतील तर वाटेत कुठेतरी विषय हरवला.

शुद्धलेखनाच्या खुणा समासात केल्या आहेत, त्या तुझ्या तू बघ.

आणि सुरुवातीच्या प्रसंगासाठी फार शोधू नकोस. गेल्या वर्षी तुझ्या सूर्यमालेच्या प्रतिकृतीला वर्गात पहिला नंबर मिळाला होता, आणि शनीची कडी रात्री एक वाजेपर्यंत कोण चिकटवत बसलं होतं ते तुला माहीत आहे. खुशाल लिही. फक्त तुझ्या बाईंनी विचारलं तर ते काका होते म्हणून सांग.

तुझा,
बाबा