बाबांचा धक्का

विजयदुर्ग, 18 जानेवारी

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न.

काल दुपारी सुखरूप पोचलो. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही, आणि हे अर्धं सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

तळेऱ्याहून आत वळल्यावर आंब्यांना असा मोहोर आलाय की गाडीच्या काचा खाली करूनच आलो. सकाळी इथे चांगलंच हीव पडतं. खोलीवाल्या काकू शाल गुंडाळून चहा घेऊन आल्या. किल्ल्यात आज आम्ही दोघंच होतो.

बाबा, तुमचा धक्का पाहिला. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं, डेकवर वळकटी पसरून झोपायचं, आणि इथे अपरात्री उतरलं की तुमचे आजोबा कंदील घेऊन उभे, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! मी दरवेळी ‘हो, माहितीये’ म्हणून उठून जायचे. त्याचं आज फार वाईट वाटलं. ओहोटीला पायऱ्या उघड्या पडल्या तेव्हा खाली उतरले. शेवटच्या दोन पायऱ्या कालवांनी भरल्यात, हात टेकला तर कापेल अशी धार. वरच्या एका पायरीला मात्र मधोमध खळगा आहे, ये-जा करून गुळगुळीत झालेला. त्यात पाय ठेवून बराच वेळ उभी राहिले.

तिथून खाडी बघितल्यावर कळलं की आंग्र्यांनी आरमार इथे का ठेवलं. किल्ल्याचं टोक समुद्राला आडवं आलंय. पलीकडे लाटा फुटतात आणि अलीकडे वाघोटणच्या खाडीत पाणी ताटात वाढल्यासारखं निवांत. याच पाण्यात फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांची जहाजं जळाली. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज. एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि ती सगळ्या आरमारभर पसरली. आपल्याच माणसांनी परक्याला हाताशी धरून आपलं आरमार बुडवलं, हे मला तटावर उभं राहून जास्तच लागलं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. मान मिळाला याचा आनंद आहेच, पण ती जहाजं आठवल्याशिवाय हा किल्ला पुरा होत नाही.

आई, आता तुझ्यासाठी. किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ आहेत, दुर्बिणी ठेवायला बांधलेले. 1868 च्या ग्रहणात हेलियम इथेच सापडला असं सगळे सांगतात. पण ज्याच्या नावावर तो शोध आहे तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ त्याने तिथून पाहिली. इथे तो आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. म्हणजे अशाच थंडीत, अशाच निरभ्र आकाशाखाली. तू वर्गात हेलियम शिकवायचीस ना, तेव्हा फळ्यावर पिवळ्या खडूने ती रेघ काढायचीस. त्या कट्ट्यावर बसून मला तो फळाच दिसत होता.

तर आता ऐका. फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत, आपण चौघं इथे येऊ. मी सगळं बघून ठेवलंय. खोली तळमजल्याला, कमोड आहे, उंबरा बुटका आहे. दरवाजातून आत गेल्यावर चढ आहे, पण बाबांना दोनदा टेकायला जागा मिळेल. काकू आईसाठी वेगळी बिनतिखटाची कुळथाची पिठी करतील, विचारून घेतलंय. धक्क्यापर्यंत गाडी जाते.

गुडघ्यांचं कारण देऊ नका, बाबा. आणि आजोबा नेमके कुठे उभे राहायचे, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला की पुढे रस्त्याकडे, तेवढं आठवून ठेवा. मला ती जागा तुमच्याकडून बघायचीय.

तुमची,
मुग्धा