बाळासाहेबांवर पिक्चर काढा, पण पक्षाबाहेरच्या माणसाने काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ जानेवारी २०२६ ला बाळासाहेब ठाकरेंच्या जन्माला शंभर वर्षं झाली, या निमित्ताने त्यांच्यावर परत एक चांगला पिक्चर यावा असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. २०१९ चा ‘ठाकरे’ पाहिलाय. नवाजुद्दीनने जीव ओतून काम केलंय, आणि विशेष म्हणजे याच माणसाला २०१६ ला स्वतःच्या गावात, उत्तर प्रदेशातल्या बुढाण्यात, रामलीलेतून माघार घ्यावी लागली होती कारण तिथल्या शिवसैनिकांनी विरोध केला होता. त्यानेच पुढे बाळासाहेब उभे केले, याचं कौतुक करावं तेवढं कमीच.

पण कथा संजय राऊतांची, निर्मितीतही तेच, आणि रिलीज कधी तर २५ जानेवारीला, लोकसभा इलेक्शन तोंडावर. आनंद दिघेंवरचा ‘धर्मवीर २’ पण असाच २७ सप्टेंबर २०२४ ला आला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. गट कुठलाही असो, नेत्याच्या आयुष्याचा पिक्चर त्याच्याच पक्षाची माणसं काढणार आणि मतदानाच्या आधी लावणार, मग त्याला चरित्र कसं म्हणायचं, तो प्रचारच झाला ना.

आणि बाळासाहेबांचं आयुष्य इतकं भरलेलं आहे की काही लपवायची गरजच नाही. त्यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकातलं ‘वाचा आणि थंड बसा’ हे सदर घ्या. बाकी काही नाही, कंपन्यांमधल्या साहेब लोकांच्या नावांच्या याद्या, टेलिफोन डिरेक्टरीतून काढलेल्या, एकाखाली एक छापलेल्या, आणि त्यात मराठी नाव शोधून सापडत नाही. नोकरीसाठी वणवण करणारा पोरगा ते पान वाचताना काय होत असेल त्याचं! १९६६ ला सेना का उभी राहिली हे त्या एका पानावरून कळतं, भाषणबाजी लागत नाही. पण त्याच पानावर ज्या दाक्षिणात्य साहेबाचं नाव आलं तो दुसऱ्या दिवशी ऑफिसला कसा गेला असेल, हे पण दाखवा की.

तसंच जून १९७०. लालबागला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, आणि वामनराव महाडिक निवडून येऊन सेनेचे पहिले आमदार झाले. सेनेच्या बाजूने तो विजयाचा गुलाल, पण नवरा गेल्यावर काही महिन्यांत त्याच गिरणगावात मतं मागत फिरणाऱ्या त्या बाईंच्या बाजूने कॅमेरा लावला तर काय दिसेल? मला तो सीन बघायचाय. आणि तो बघून माझा बाळासाहेबांबद्दलचा आदर जाईल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी मराठी प्रेक्षकाला ओळखलंच नाही.

आणीबाणीला दिलेला पाठिंबा, ९२-९३ च्या दंगली हे पण आलंच पाहिजे. दंगलीत ९०० माणसं गेली, चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने बाळासाहेबांवर आणि सेनेवर ठपका ठेवला, युती सरकारने तो अहवाल फेटाळला, आणि २००० साली ‘सामना’तल्या दंगलीच्या वेळच्या अग्रलेखांवरून बाळासाहेबांना अटक झाली ती केस मुदत उलटली म्हणून त्याच दिवशी कोर्टात संपली. हे सगळं रेकॉर्डवर आहे. आयोगापुढच्या साक्षी, ‘सामना’चे त्या वेळचे अग्रलेख, सगळं वाचून एखाद्या मराठी दिग्दर्शकाने स्वतः स्क्रिप्ट लिहावी, कुठल्याही ठाकरेंची किंवा शिंदेंची परवानगी न घेता, आणि लिहिल्यावर थिएटर फोडायची धमकी आली तर सरकारने पोलीस द्यावेत, सीन कापायला सांगू नये.

तुमच्या पेपरकडे त्या काळात लालबाग-परळ कव्हर केलेल्या बातमीदारांच्या बातम्या, फोटो असतीलच. ते रविवारच्या पुरवणीत छापायला सुरुवात करा ही विनंती. उद्या कुणी पिक्चर लिहायला बसलं तर त्याच्या हाताशी पक्षाच्या पुस्तिकेशिवाय दुसरं काहीतरी असेल.

आपला,
एक नियमित वाचक