डोक्याला शिवलेला कावळा

दांडिया बाजार, वडोदरा
12 जून

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न.

परवा फोनवर ‘कावळ्याने डोक्यात टोच मारली’ म्हटलं आणि आई, तुझा आवाजच बसला. मारुतीला तेल घाल, डोक्यावरून पाणी घे... अगं, भाद्रपदात तूच गच्चीवर पान मांडून त्याच्या विनवण्या करतेस ना? मग ज्येष्ठात तोच अशुभ कसा? शेजारच्या बेन श्राद्धाला ‘कागवास, कागवास’ अशा हाका मारतात, त्याही तुझ्यासारख्याच घाबरल्या.

गॅलरीला लागून कडुनिंब आहे. त्यात त्यांचं घरटं, आणि मी कपडे वाळत घालायला नेमकी त्याच उंचीवर. येतो तो पाठीमागूनच, तोंडावर कधी नाही. सध्या मी डोक्यावर पातेलं धरून जाते. माझे हरवलेले तारेचे दोन हँगर सापडले, घरट्यातच विणलेत!

बाबा, तुम्ही म्हणता सगळे कावळे सारखेच. तसं नाही. हा गावकावळा, मानेभोवती राखी मफलर गुंडाळल्यासारखा. डोमकावळा सबंध काळा, चोच जाड, आवाज घोगरा. नर-मादी मात्र मला अजून ओळखता येत नाहीत. काल त्यातल्या एकाने कडक गाठिया आणला, कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यात बुडवला, चोचीने उलटा केला, परत बुडवला, आणि मऊ झाल्यावरच पिल्लाला भरवला. बाबा चहात खारी बुडवतात, अगदी तसं.

पण खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यात एक कोकीळ रोज समोर येऊन बोंबलायचा आणि हे दोघं त्याच्या मागे धावायचे. तेवढ्यात मादीने डाव साधला असणार. कावळ्याची अंडी फुटायला 16-17 दिवस लागतात, कोकिळेचं त्याच्या आधी फुटतं. आता तीन पिल्लांतलं एक सगळ्यांत थोराड आहे, पंखांवर फिकट ठिपके आहेत आणि तेच सगळ्यांत जास्त आ वासतं. त्यालाही हे तितक्याच मायेने भरवतात. टोच मात्र मला.

फांदी छाटायला माणूस बोलावू नका, बाबा. पिल्लं उडाली की कळवते. तोवर कपडे घरातच, पंख्याखाली. येताना लाकडी चिमटे तेवढे आणा, इथले दोन दिवसांत तुटतात.

तुमची,
मनू